चिमणीची गाडी आणि मामांची सीट

दि. ४ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मामा, आधी खुर्चीत नीट बसा आणि मग वाचा. मी मोटरसायकल घेतली! जुनी, लाल, हलकी, नवशिक्यांना देतात तसली. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आता रोज सकाळी स्वतःच फडकं घेऊन पुसत बसते आणि वर शेजारणींना दाखवते.

कारण सांगते. रुग्णालयात घरोघर जाऊन मलमपट्टी करणाऱ्या नर्सची एकच जागा निघाली आहे. वॉर्डाच्या चार भिंतींना मी अगदी विटले आहे हो! मेट्रनबाई म्हणाल्या, जागा तुलाच देते, पण महिनाअखेर दुचाकीचा परवाना हातात हवा. नाहीतर ती दुसरीला जाईल. परीक्षा सत्तावीस तारखेला आहे.

आणि घोडं तिथेच अडलंय. आठचा आकडा काढताना हँडल वळवलं की खाड्कन गुडघ्यावर बसतं. शिकवणारे मास्तर म्हणतात, उंच माणसाने असली खेळण्यातली गाडी घेऊच नये, भारी घ्यावी. भारी गाडी एकदा स्टँडवर लावताना अंगावर घेतली, तेवढं पुरे झालं. तुम्ही जन्मभर गाड्यांच्या सीटा शिवल्यात. तुम्हीच सांगा, ही गाडी मला चालेल का? गाडीचा फोटो सोबत जोडलाय. माझी उंची पाच फूट आठ इंच.

मामींना नमस्कार. उत्तर लगेच धाडा, वाट बघतेय.

आपली,
चिमणी

दि. ११ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि मशीनवरून उठून दुकानाच्या दारातूनच तुझ्या मामीला ओरडून सांगितलं. ती म्हणते, आधी हेल्मेटचं विचारा. तर विचारतो, घेतलंस का?

तुझ्या मास्तरांना माझा कोपरापासून नमस्कार. अगं, गाडी लहान की मोठी हा प्रश्नच नाही. बूड, हात आणि पाय, या तिघांत अंतर किती एवढंच बघायचं. सीट वर उचलली की गुडघा आपोआप खाली येतो. पाच फूट आठला दीड इंच भर पुष्कळ झाली. तशी सीट शिवून सोबत पाठवतोय. जुनी काढायला दोन बोल्ट, बस्स.

बारा वर्षांपूर्वी तुला शेवटचं पाहिलं, तेव्हा माझ्या खिशापर्यंत यायचीस. आणि आता मोटरसायकल! या सीटवर बसूनही गुडघा लागला तर माझ्या हातात कसब उरलं नाही असं समजेन आणि मशीनला कुलूप घालीन. ताईला सांग, काळजी करू नकोस.

तुझा,
मामा

दि. १५ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

कुलूप घालू नका! तुमच्या पाया पडते, घालू नका.

सीट इतकी सुरेख आहे, टाके मोजत बसावेत अशी. पण गुडघा लागला. रात्रभर तुमचं ते वाक्य डोक्यात घुमत होतं. मामा, सीट चुकली नाही, मी चुकले. मी खोटी उंची लिहिली. शाळेपासून शिडी, खांब काय काय ऐकलंय. तेव्हापासून कुणीही विचारलं की पाच आठ म्हणून मोकळी होते, फोटोत मान खाली घालते. आईसुद्धा तेच सांगते. तुम्हाला लिहितानाही हात सवयीने तेच लिहून गेला. फार लाज वाटतेय.

आता आकडा लिहितच नाही. आईकडून दोऱ्याने माप घेतलं, कमरेपासून गुडघा आणि गुडघ्यापासून टाच. गाठी मारून दोन्ही दोरे पाकिटात घातलेत. वेळ फार थोडा आहे. रागावला असलात तरी सीट शिवा.

आपली खोटारडी,
चिमणी

दि. १९ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

दोरे टेबलावर पसरले, तर ते टेबल संपून खाली लोंबायला लागले. मामी म्हणाली, चुकून जिराफाचं माप आलंय. दोघंही पोट धरून हसलो. मग मला वाईट वाटलं. तू लपवलंस म्हणून नाही गं, तुला लपवावंसं वाटलं म्हणून. मी पाच फूट दोन इंचांचा. सगळ्या गाड्यांवर चवड्यांवर उभा राहत आयुष्य काढलं. तुझे पाय मिळाले असते तर गावभर मिरवले असते!

आता ऐक. तीन इंच भर घातली आहे, मागे सरकून बसायला जागा ठेवली आहे. हँडलचे बोल्ट सैल करून ते बोटभर पुढे लोट आणि पुन्हा घट्ट आवळ. गाडी तुला चालेल, शंभर टक्के चालेल. पोस्टात स्वतः जाऊन पार्सल टाकतोय.

तुझा,
मामा

दि. २८ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पास! पास! पास!

हँडल गुडघ्यावरून साफ गेलं. आठचे दोन आकडे काढले, एकदाही पाय टेकला नाही. मग चढावर थांबून पुन्हा निघायचं होतं. माझ्या आधीच्या गृहस्थांचा पाय पुरला नाही, ते गाडीसकट आडवे झाले. मी दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकवले आणि खांबासारखी उभी राहिले! परीक्षक म्हणाले, या गाडीवर इतकं ऐटीत बसलेलं कुणी पाहिलं नाही, सीट कुठून शिवून घेतलीत? तुमचा पत्ता दिला आहे. मास्तर मात्र वाकून सीटची शिवण बघत होते.

तिथून थेट रुग्णालयात गेले. जागा मला मिळाली, मामा! उद्या सकाळी आठला पहिलं घर. कारकुनाने बाहेर घालायच्या कोटासाठी उंची विचारली. तोंडात पाच आलंच होतं, ते गिळलं. सहा फूट दीड इंच, असं इतक्या मोठ्याने सांगितलं की पलीकडच्या खोलीतले लोक बघायला बाहेर आले. मी त्यांना नीट बघू दिलं.

आई रडतेय आणि हसतेय. तुमची माया अशीच राहू दे.

आपली,
चिमणी