फळा पुसणाऱ्या बाबांना

बाबा, तुम्ही गेल्यावर गावाने चौकात, तुम्ही बातम्या लिहायचात त्या जागी, तुमच्या स्मरणार्थ नवा फळा बसवला. लोखंडी चौकट, वर तुमचं नाव, आणि खाली कुणी काही लिहीत नाही. लिहायची हौस आता मोबाइलवरच भागते: सकाळी गुलाबाचं फूल, सणाला शुभेच्छा, कुणी मेलं की जोडलेले तेच ते हात. तुम्ही असतात तर या मंडळींचे पुढारी झाला असतात. काहीही न सांगता लिहीत राहण्याचा तुमचा सराव दांडगा होता.

मी लिहिते. काही हौशी माणसांनी मिळून चालवलेला एक सर्व्हर आहे, म्हणजे दूर कुठेतरी ठेवलेला एकच संगणक, आणि त्यात आम्हा सगळ्यांना एकेक खोली दिलेली. वाशिमच्या घरात बसून मी तिथे शिरते. समोर काळा पडदा, बटणं नाहीत, फोटो नाहीत. एक आज्ञा टाइप केली की कोरं पान उघडतं. वर शीर्षक, खाली मजकूर, की झाला ब्लॉग तयार. आई एकदा मागे उभी राहून म्हणाली, "हा त तुह्या बाबाचा फळाच होय वं." मला राग आला. तुमच्या फळ्यावर वाचलेलं खरं वाक्य मला एकच आठवतं: पोहरादेवीच्या यात्रेसाठी जादा गाड्या सुटतील.

शाळेतले मास्तर म्हणून गावातल्या मरणाच्या बातम्या तुम्हीच लिहायचात. मेलेला दारुडा असो की लबाड, तुमच्या खडूखालून गेला की मनमिळाऊ व्हायचा. शेजारची काकू गेली त्या सकाळी तिच्या गळ्यावरचे वळ आईने पाहिले, मी पाहिले, आणि तिच्या नवऱ्याला धीर द्यायला गेलेल्या तुम्हीही पाहिले. मग चौकात जाऊन तुम्ही लिहिलंत, "अल्पशा आजाराने निधन." मी नववीत होते. ओढणीने ते पुसून मी लिहिलं, "नवऱ्याने मारलं." तुम्ही धावत येता, तळहाताने फळा पुसता, तुमचा हात खडूने पांढरा झालेला.

"काहून लिवलं हे? आपल्याले गावात राह्यचं हाय."

"मंग तिले नव्हतं राह्यचं काय?"

तुम्ही खडू उचललात. पुन्हा तेच लिहिलंत, एकही वेलांटी न चुकवता. लोकांनी अक्षराचं कौतुक केलं आणि तुम्ही ते चक्क ऐकून घेतलंत. दुसऱ्या दिवशी शाळेत आम्हा मुलांकडून 'सत्यमेव जयते' गिरवून घेतलंत, तेव्हा मला तुमची किळस आली. ती अजून गेलेली नाही.

मागच्या आठवड्यात काकूच्या मुलीचा फोन आला. तेव्हा ती कडेवर होती, आता कामरगावला दुकान चालवते. "ताई, माह्या मायबद्दल कुठीच काही लिहेल नाही. बाप बी मेला आता. पोरीले दाखवाले एखादं तरी खरं पान पायजे. तू लिव." मी लिहिलं. काकू अंबाडीची भाजी कशी करायची, हसताना तोंडावर पदर कसा घ्यायची, आणि कशी मेली. शेवटी पडद्याने नेहमीसारखं विचारलं: प्रकाशित करू, दुरुस्त करायचं, की कुणाला न दाखवता मसुदा ठेवू? मी प्रकाशित केलं. मुलीने वाचलं आणि फोनवर नुसतं "हो" म्हणाली. मग तिने आपल्या पोरीला हाक मारली.

त्यानंतर मी हे पत्र लिहायला घेतलं. तुमची किळस आली हे लिहिताना मला काही जड गेलं नाही, उलट बरंच वाटलं. आता पडदा पुन्हा तेच विचारतो आहे आणि मी मसुदा निवडते आहे. काकूचं पान मघाशी परत वाचलं. त्यात एक वाक्य आहे: चौकातल्या फळ्यावर आजाराने निधन असं लिहिलं गेलं. कुणी लिहिलं, ते मी लिहिलेलं नाही, बाबा.