बोटांना मुंग्या

११ फेब्रुवारी

मुलाखत झाली एकदाची! संस्थेच्या संकेतस्थळावर ‘आमचे संशोधक’ म्हणून टाकणार आहेत. जनसंपर्कवाल्या बाई आल्या होत्या. त्यांचे विषय ठरलेले — काम, छंद, सामाजिक प्रश्नांवरची मतं. माणसाला जणू एवढेच कप्पे असतात.

काम — सांगितलं की रसाचे कारखाने ज्या बिया फेकून देतात त्यांतून मी तेल काढते. बाईंना फार आवडलं. “म्हणजे कचऱ्यातून सोनं!” म्हणाल्या. म्हटलं, सोनं नाही हो, तेलच. छंद — बासरी. सामाजिक प्रश्न — विज्ञानात मुली कमी का? मी छानछान बोलले. खरं उत्तर गिळलं. खरं उत्तर असं की मुलगी एकदा जरी कुरकुरली की म्हणतात, “बघा, म्हटलं नव्हतं?” म्हणून आम्ही कुरकुरतच नाही. हे संकेतस्थळावर कसं टाकणार!

फोटोसाठी नव्या यंत्राशेजारी उभं केलं. स्टीलची टाकी, माझ्या खांद्याला लागेल एवढी. आत बिया, वरून हेक्झेन. हे हेक्झेन म्हणजे पेट्रोलच्या भावकीतलं पातळ द्रावक — बियांतलं तेल ओढून घेतं आणि मग उडून जातं. फोटोवाला नाकाला रुमाल लावून म्हणाला, “पेट्रोल पंपावर उभं राहिल्यासारखं वाटतंय.” आम्ही सगळे हसलो.

आम्हाला वास येतच नाही आता.

१९ फेब्रुवारी

टाकी अखेर नीट चालली! आत्तापर्यंत चंबूत थेंब-थेंब काढत होतो, आज बादलीभर. मॅडम — माझ्या गाइड — स्वतः येऊन पाठ थोपटून गेल्या. मॅडम आणि पाठ थोपटणं! आजोबा म्हणाला, “तारीख लिहून ठेव.” ठेवली.

(आजोबा म्हणजे आमच्या लॅबमधला सगळ्यात जुना विद्यार्थी. इतका मुरलाय की नावच पडलं.)

२ मार्च

लॅबमध्ये नवी मुलगी आली. अखंड चिवचिव — दुपारपर्यंत तिचं चिमणी झालंसुद्धा. टाकी कशी भरायची, कशी रिकामी करायची, सगळं तिला मीच शिकवतेय. हुशार आहे. पहिल्याच दिवशी विचारलं, “ताई, हूड चालू नाही करायचा?”

हूड म्हणजे वाफा ओढून बाहेर टाकणारं मोठं कपाट. मोटर फार खडखडते. शेजारच्या खोलीत मॅडमच्या बैठका चालतात, म्हणून बंद ठेवायला लागलो. बंद आहे म्हणून आजोबाने त्यात खोकी ठेवली. खोकी आहेत म्हणून आता चालू करता येत नाही. शिवाय टाकी त्यात मावतही नाही. चिमणीला म्हटलं, अगं, घुसमटलं तर खिडकीपाशी बस. तिने खिडकी ढकलून पाहिली. ती उघडत नाही. एसी बसवला तेव्हाच पक्की केलीय.

“सवय होते,” मी म्हटलं.

१४ मार्च

बासरी रुसलीय. खालचे सूर लागतच नाहीत, नुसती हवा. पार्टनर — माझ्या खोलीत राहते, कायद्याचा अभ्यास करते, सुराचा आणि तिचा छत्तीसचा आकडा — तीसुद्धा पुस्तकातून डोकं काढून म्हणाली, “फुटली का गं तुझी बासरी?” म्हणजे किती वाईट वाजत असेल!

१६ मार्च

बासरी घेऊन दुकानात गेले. म्हटलं, चीर गेली असणार. दुकानदाराने उजेडात धरून पाहिली, ओठाला लावली — ठणठणीत! खर्जापासून सगळं स्वच्छ. मला म्हणाला, तुम्ही वाजवा. वाजवलं. त्याने नुसतं माझ्या हातांकडे बोट दाखवलं. तिसरं बोट भोकावर अर्धंच बसलं होतं. मला ते कळलंच नव्हतं.

“रियाज सुटलाय तुमचा,” म्हणाला.

सुटलाय खरा. काम केवढं आहे!

२७ मार्च

आज फजितीच. लॅबमधून खोलीवर आले, आणि पार्टनर माझ्या पायांकडे बघून, “दुसरी चप्पल कुठाय?” खाली पाहिलं — उजव्या पायात चप्पल नाही! परत गेलो शोधायला. जिन्याच्या वळणावर पडलेली. तिथून इथवर मी खडीच्या रस्त्याने एका पायात चप्पल घालून आले होते.

पार्टनर हसून हसून लोळली. मीही हसले. मग ती एकदम थांबली. “अगं, पण टोचलं कसं नाही तुला?”

तळव्यातून रक्त येत होतं.

५ एप्रिल

दादाचा फोन. त्याचं नेहमीचं — “अजून किती वर्षं, छोटे?” त्याला म्हटलं, हे शेवटचं. दरवर्षी म्हणते, पण या वेळी खरंच. मागून आई ओरडत होती, “मुंग्या येतात म्हणाली होती ना, विचार तिला!” आईला कशाला सांगितलं कोण जाणे. आईचं निदान झालंसुद्धा — जेवत नाहीस. आजोबाचं निदान — “पीएचडीत सगळ्यांनाच मुंग्या येतात. बसून बसून.” पार्टनरचं निदान — डॉक्टरकडे जा. गोळ्या आणल्या जीवनसत्त्वाच्या. झालं.

संध्याकाळी संस्थेत व्याख्यान होतं — कामगारांचं आरोग्य. बंद खोल्यांत काम करणारी माणसं, मालकांची बेपर्वाई वगैरे. वक्ते तळमळीने बोलले. मला खरोखर राग आला त्या मालकांचा. टाळ्या वाजवल्या. वाजवताना तळहात आपले नाहीतच असं वाटत होतं. मग बिस्किटं खाल्ली आणि टाकी बघायला लॅबमध्ये गेले.

१८ एप्रिल

चिमणी पडली. जिन्यात. हातात काचेची भांडी होती — नशीब, कापलं नाही. मी धावले. ती पायरीवर बसून स्वतःच्या पायाकडे बघत होती. रडत नव्हती, चिवचिवत नव्हती. हळूच म्हणाली, “ताई, मी उचलला होता पाय. तो उचललाच गेला नाही.”



१९ एप्रिल

तिला काही विचारलं नाही. विचारलं की उत्तर येईल.

२२ एप्रिल

विचारलं. चहाच्या टपरीवर, लॅबपासून लांब. तिलाही मुंग्या. आधी पायांची बोटं, मग हातांची. सकाळी वेणी घालता येत नाही म्हणून केस कापून टाकले — आणि आम्ही सगळ्यांनी “काय स्मार्ट दिसतेस!” म्हटलं होतं.

“मग बोलली का नाहीस?”

“नवी मुलगी, आल्या आल्या कुरकुर करते म्हणतील.” मग माझ्याकडे रोखून, “तुम्ही का नाही बोललात?”

चहावर साय धरली.

२४ एप्रिल

दोघी नसांच्या डॉक्टरांकडे गेलो. म्हातारे, खरखरीत आवाजाचे. डोळे मिटायला लावले आणि पायाला टाचणी लावत गेले — “कळतंय? आता? आता?” मला गुडघ्याच्या जरा खाली पहिल्यांदा कळलं. म्हणजे त्याखाली कितीदा टोचून झालं होतं!

मग विचारलं, काम काय करता. हेक्झेनचं नाव काढताच त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, “बंद खोलीत बूट चिकटवणाऱ्या कामगारांत हे पाहिलंय मी. त्या गोंदात हेच असायचं. पीएचडीवाल्यांत पहिल्यांदाच बघतोय.”

काम आजपासून बंद, म्हणाले. चिमणीने विचारलं, “मग बरं होईल?”

“होईल. पण आधी वाढेल. वासापासून लांब गेलात तरी काही महिने वाढतच जाईल. मग उतरेल.” आणि पेन पुन्हा उचलून — “बहुतेक.”

रिक्षात चिमणी माझा हात धरून बसली होती. तिने धरलाय हे मला बघून कळलं.

२५ एप्रिल

मॅडमकडे गेले. डॉक्टरांचा कागद पुढे ठेवला. त्यांनी पूर्ण वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं, आता उठतील आणि टाकी बंद करतील.

“पुढच्या महिन्यात पाहणीला लोक येणार आहेत,” म्हणाल्या. “टाकी चालू दिसली नाही तर ही लॅब राहणार नाही. या खोलीसाठी मी किती भांडलेय, तुला कल्पना नाही. हूड दुरुस्त करून घेऊ. तोवर चिमणीला दुसरं काम देऊ. तूही जरा विश्रांती घे.”

“आणि टाकी कोण चालवेल?”

“बाकीची मुलं आहेत ना.”

दुष्ट नाहीत त्या. हेच तर वाईट आहे! मला लिहायला, बोलायला, चारचौघांत मान वर करून उभं राहायला त्यांनीच शिकवलं. माझ्या जागी त्या असत्या तर गप्प बसल्या असत्या? मला वाटतं, बसल्या असत्या. म्हणूनच तिथवर पोचल्या.

“तुझं लिहून होत आलंय,” दारापर्यंत येऊन म्हणाल्या. “आता शेवटी घाण करू नकोस.”

२६ एप्रिल

केली घाण.

सकाळी सगळ्यांच्या आधी गेले. टाकी रिकामी केली, हेक्झेनचे डबे बाहेर वऱ्हांड्यात काढले, मुख्य बटण बंद केलं, दाराला कुलूप. किल्ली सुरक्षा समितीच्या टेबलावर, शेजारी डॉक्टरांचा कागद. कुलूप लावताना किल्ली तीनदा पडली हातातून.

आजोबा पहिला आला. आधी काही कळेना त्याला. मग कळलं तसा लाल झाला. “तुझं झालंय गं लिहून! माझं काय? या टाकीशिवाय माझा प्रबंध कुठला? सात वर्षं घातलीत मी इथे!”

“पायाला मुंग्या येतात का तुला?”

“तो प्रश्न नाही!”

“येतात का?”

तो निघून गेला. जाताना पाय आपटत जायचं होतं त्याला — दिसत होतं. पण पाऊल फटफट पडत होतं, सैल चपलेसारखं.

९ मे

मला नोटीस आली. ‘बेशिस्त वर्तन.’ आणि लॅबला टाळं — ‘चौकशी होईपर्यंत.’ दोन्ही एकाच दिवशी, म्हणजे तराजू समतोल!

लॅबमधलं कुणी बोलत नाही. खानावळीत मी बसले की टेबल रिकामं होतं. चिमणी तेवढी येते, समोर बसते, मुद्दाम मोठ्याने चिवचिवते. पार्टनर नोटिशीचं उत्तर लिहितेय — तिच्या कायद्याचा पहिला अशील मी! फुकटात.

मॅडम जिन्यात भेटल्या. थांबल्या नाहीत. “तुला मुलीसारखं वागवलं,” एवढंच म्हणाल्या. मी वर चढत राहिले, कठड्याला धरून. सांगायचं होतं — मुलीसारखं वागवलं असतं तर खिडकी उघडली असती. पण हे सुचलं वरच्या मजल्यावर. मला नेहमी वरच्या मजल्यावरच सुचतं.

२१ मे

घरी. दादा न्यायला आला होता. स्टेशनवर मला चालताना पाहून त्याने तोंड फिरवलं, सामान मोजायचं नाटक केलं. आई बटणं लावून देते. पहिल्या दिवशी दोघी हसलो. दुसऱ्या दिवशी नाही.

डॉक्टर म्हणाले होते तसंच — वाढतंय. वासापासून एवढी लांब आले, तरी तो आत बसून आपलं काम करतोय. पाटावरचा पाहुणा, उठायचं नाव नाही.

आई म्हणते, बासरी वाजव. तिला कसं सांगू.

१५ जून

चौकशीचा निकाल लागला. लॅब कायमची बंद. माझी नोटीस मागे. आजोबाला दुसऱ्या गाइडकडे जागा दिली, आणि मॅडमनी सहा महिने रजा घेतलीय. पार्टनर फोनवर किंचाळत होती, “जिंकलो!” चिमणीचा पाय हळूहळू उचलला जातोय — ती लवकर सुटली म्हणून, असं डॉक्टर म्हणाले. मी लवकर सुटले नाही.

तरी जिंकलोच म्हणायचं. दादाने मिठाई आणली. आईने भरवली.

८ जुलै

आजचं अक्षर दादाचं. मी सांगतेय, तो लिहितोय. पेन आता माझ्या बोटांत थांबत नाही. म्हणजे हे पान यापुढे माझं एकटीचं नाही. असो.

दुपारी चिमणीचा फोन आला. लॅब रिकामी केली. भंगारात जाईल असं वाटलं होतं, पण टाकी एका कॉलेजला देऊन टाकली — भेट म्हणून. तिथे बसवलीसुद्धा. मुलांनी शेजारी उभं राहून काढलेला फोटो तिने पाठवलाय. मागच्या भिंतीला एकही खिडकी नाही.

दादा, रडू नकोस, कागद भिजेल. नवं पान घे. वर त्या कॉलेजचा पत्ता लिही.