नाव न लिहिता

ता. ४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शस्त्रक्रिया शिकायला लागून दुसरं वर्ष संपत आलं, तरी छकुली अजून मला ‘दवाखान्यातली आई’ म्हणते. जणू घरात दुसरी आहे! काल विभागात एक छापील प्रश्नावली आली. लग्न झालेल्या शिकाऊ डॉक्टरणी कामावर समाधानी आहेत का, ते लिहायचं. नाव घालायचं नाही. हे म्हणतात, ‘पूर्ण समाधानी’वर खूण कर नि मोकळी हो. तू काय म्हणतेस?

सासूबाईंची कंबर बरी आहे, तक्रारी वाढल्यात. तुझी माया आहे तशीच असू दे.

तुझी,
धाकटी

ता. ९ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

अगं, खरं तेच लिही. नाव नाही तर भीती कसली? शाळेतल्या माझ्या पोरीसुद्धा तुझ्याहून धीट आहेत. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. जेवण वेळेवर घेत जा, आणि आमची आठवण ठेव.

तुझी ताई

ता. २ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. दोन पानं भरून लिहिलं: सलग छत्तीस तासांची ड्यूटी, बायकांना कपडे बदलायला खोली नाही, सुट्टी मागितली की हसतात. शेवटी हेही लिहिलं की वाहतं रक्त माझ्या टाक्याने थांबतं, तेव्हा मला दुसरं काहीच नको असतं.

आपण दोघी शहाण्या एक गोष्ट विसरलो. आमच्या विभागात लग्न झालेली मी एकटीच आहे.

मोठ्या सरांनी बोलावलं. रागावले नाहीत, उलट खुर्ची दिली. फार ओढाताण होते म्हणाले, आणि मला मलमपट्टीच्या खोलीत टाकलं. परीक्षेला बसायला स्वतःच्या हाताने केलेल्या ऐंशी शस्त्रक्रिया लागतात. माझ्या एकतीस झाल्यात. ताई, मला फार भीती वाटते.

तुझी,
धाकटी

ता. ११ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

चूक माझी आहे, बाळ. सरांशी बोला, असं मी जावईबापूंना कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं की घर आता कुठे मार्गी लागलंय, आपण कशाला ढवळायचं. रागाव, पण पत्र थांबवू नकोस.

तुझी ताई

ता. ३० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

यांना दोष देऊ नकोस, स्वतःलाही नको. मी सरांकडे दोनदा जाऊन आले. ते म्हणाले, तुम्हीच तर लिहून दिलंत. माझ्या जागी एकाला घेतलंय. हात बरा आहे त्याचा. मी फोड-जखमा पुसते आणि सहाला घरी येते. सासूबाई खूश आहेत, हे खूश आहेत.

काल छकुलीने विचारलं, आई, तू परत त्या ऑपरेशनच्या मोठ्या खोलीत जाणार नाहीस ना? मी नाही म्हणाले. ती इतकी नाचली, इतकी नाचली, की मीही टाळ्या वाजवल्या.

माया आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी