धुऱ्यापर्यंतची चर

२६ डिसेंबर
कालव्याची पाळी आली की सगळे खूश, आणि मला धास्ती! खालच्या अंगाची संत्र्याची झाडं पिवळी पडत चाललीत. बुडाशी हात घातला तर नुसता चिखल. जमीन चिबडली — मुळं कुजतायत. कृषी सहायक बघून गेले. "चर खोदा, पाणी नाल्यात काढा. नाहीतर बाग विसरा."

नाला शेजारच्या महादेवरावांच्या शेतापलीकडे. आणि आमच्या ह्यांचं न् त्यांचं बोलणं बंद — धुऱ्यावरची, दोन्ही शेतांमधल्या बांधावरची, बाभूळ कोणी तोडली यावरून. तीन वर्षं झाली!

३० डिसेंबर
विषय काढला. हे तडकलेच. "मी काहून जाऊ त्याच्या दारी? त्याले तोंड नाही काय?" अहो, पाणी आपल्याकडे तुंबलंय, त्यांनी कशाला बोलायचं! पण ऐकेल तो नवरा कसला. स्वतःच खोदणार म्हणे, धुऱ्यापर्यंत. पुढं काय, ते विचारायचं नाही.

३ जानेवारी
चर झाली. सरळ, खोल, देखणी. पाणी धावत धुऱ्यापर्यंत गेलं आणि थांबलं. पलीकडे महादेवरावांची डोक्याएवढी तूर. त्यातून काही दिसत नाही.

६ जानेवारी
पाणी तिथंच. वर डास!

९ जानेवारी
मोझरीच्या बसमध्ये मैनाबाई भेटली, महादेवरावांची बायको. आम्हा दोघींचं बोलणं कधी बंद नव्हतंच, घरी सांगत नाही एवढंच. धीर करून म्हटलं, "तुमच्या वावरातून चर काढू द्या ना. झाडं मरून राहिली माझी."

ती हसली. "तूर निघू द्या न बाई. मंग पाहा."

टाळलं मला! हसत हसत टाळलं. फार लागलं मनाला. तूर निघेपर्यंत झाडं राहतील का?

१३ जानेवारी
आणखी एक झाड गेलं. हे बागेतून आले आणि न जेवताच पडून राहिले.

१८ जानेवारी
आज महादेवरावांची तूर सोंगली. शेत मोकळं झालं आणि आम्ही दोघं धुऱ्यावर बघतच राहिलो. नाल्यापासून थेट आमच्या चरीसमोर — त्यांची चर! तुरीतलं सोयाबीन निघाल्यावर, तुरीच्या दोन ओळींमधून खोदलेली. आत गवत माजून वाळलंय. म्हणजे दिवाळीपासून तयार!

हसावं की रडावं कळेना. मधे फक्त धुरा.

ह्यांनी फावडं उचललं. मग खाली ठेवलं, आणि महादेवरावांच्या घराकडे चालू लागले.