कोपऱ्यातला दांडा

प्रिय बगळ्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फोडलंस, म्हणजे माझं निम्मं काम झालं. सहा वर्षं आपण एकमेकांशी बोललो नाही. मधे माझी दाढ ठणकत होती, तेव्हा मी गावाच्या दुसऱ्या टोकाला, कुणा अनोळखी दंतवैद्याकडे गेलो. त्याने शेजारची चांगली दाढ उपटली. तुझ्या दवाखान्याच्या बारा पायऱ्या चढण्यापेक्षा मला ते सोपं वाटलं, यावरून काय ते समज.

लिहायचंय ते वाचनालयातल्या फोटोबद्दल. वर्तमानपत्रांच्या टेबलाच्या वरच्या भिंतीवर, घड्याळाच्या खाली टांगलेला, चोचीत रबरासारखा ताणलेला किडा धरून मागे रेललेला चिखल्या, आणि खाली पितळी पट्टीवर माझं नाव. पण मी आधी इकडचं तिकडचं सांगणार. दुसऱ्याच्या वर्मावर बोट ठेवायला मला अर्धं वाक्य पुरतं, स्वतःच्या वर्मापर्यंत पोचायला पानं लागतात.

खाडीवर मी अजून जातो, दर रविवारी, ओहोटी बघून. आता काठाला कठडा झालाय, बाक आलेत, आणि बाकांवर बसून पक्ष्यांविषयी बोलणारी माणसं आलीत. परवा एक जण मोठी लेन्स घेऊन थेट थव्यात धावत सुटला, कारण त्याला उडतानाचे फोटो हवे होते. मला तुझं म्हणणं आठवलं: जेवत्या पाहुण्याला ताटावरून उठवायचं आणि वर म्हणायचं, जरा हसा. सांगायला गेलो तर म्हणाला, काका, तुम्ही वनखात्यातले का? म्हटलं, नाही रे बाबा, मी चिखलखात्यातला. हसला नाही. विनोद कळायलाही भरती-ओहोटीचा अंदाज लागतो.

पहिल्या दिवशी तू मला पालथा पाडलास ते आठवतं? मी नवा शर्ट घालून आलो होतो. तू म्हणालास, आपण चिखल्याकडे जायचं नाही, आपण मेलेल्या लाकडासारखं पडून राहायचं, पाणी चढायला लागलं की तेच त्याला आपल्याकडे आणून सोडतं. तास गेला, कोपरं गारठली, आणि मग तो मुठीएवढा जीव खरंच हातभरावर आला. चार पावलं पळायचा, थबकायचा, मान तिरकी करायचा, टोचायचा, पुन्हा पळायचा. मी कुजबुजलो, आमच्या पेपरच्या संपादकांसारखा आहे, नुसता पळतोय. तू म्हणालास, गप बस विंचवा, तो निदान काहीतरी शोधतोय. चिखलात तोंड खुपसून दोघे हसलो होतो, आवाज न करता, पोट दुखेपर्यंत.

आणि तुझा तो फ्राय पॅन. कॅमेरा चिखलात रुतू नये म्हणून पॅनमध्ये ठेवायचा आणि होडीसारखा पुढे सरकवायचा, ही अक्कल तुझीच. माझ्या वाट्याला आमच्या घरातली चेपलेली परात आली. वहिनी दारातच मला पकडायच्या: भावजी, पक्ष्यांची पोटं भरतायत हो, पण आमच्याकडे ऑम्लेट बंद पडलंय. त्यांच्या ऑम्लेटचा तो दुष्काळ कसा संपला हे मी कधी विचारलं नाही. विचारायला तोंड राहिलं नव्हतं.

आता मुद्दा. त्या फोटोच्या सकाळी माझ्या कॅमेऱ्याचं कार्ड भरलं होतं. तू खिशातलं तुझं काढून दिलंस आणि म्हणालास, यात माझे पहाटेचे थोडे फोटो आहेत, त्यांच्यापुढे काढत जा. कॅमेरे आपले सारखे, कारण तू जो घेतलास तोच मी घेतला होता. महिन्याभराने स्पर्धेसाठी निवडायला बसलो, तेव्हा कुठला कुणाचा हे खरंच लक्षात राहिलं नव्हतं. तो फोटो मी माझाच समजून पाठवला, शपथेवर सांगतो. मग निवड झाल्याचं पत्र आलं, त्यांनी मूळ मोठा फोटो मागवला, आणि तो पडदाभर उघडल्यावर मला डाव्या कोपऱ्यात, अगदी खाली, एक काळा धूसर पट्टा दिसला. पॅनचा दांडा. परातीला दांडा नसतो रे.

तोपर्यंत ती चूक होती. मी तो कोपरा कातरला आणि ती चोरी झाली. तेवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं, पण मी पेपरातलं माझं रविवारचं सदरही लिहिलं, त्या एका क्षणासाठी मी कसा दोन तास श्वास रोखून पडलो होतो यावर. आठवडाभर वाचकांची पत्रं येत होती. जगाच्या डोळ्यातलं कुसळ काढून देण्याचा माझा धंदा, आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ मी चौकट करून वाचनालयात टांगलं.

बक्षीस समारंभाला तू आलास. फोटोसमोर बराच वेळ उभा राहिलास, मग माझ्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणालास, कातरलंस छान. ओरडला असतास तर मी भांडलो असतो, भांडणात मला कोण हरवणार? दुसऱ्या दिवशी आमच्या फाटकाला तो पॅन लटकत होता. चिठ्ठी नव्हती. मी हिला म्हटलं, भंगारात दे. तिने तो घासला, आणि तेव्हापासून माझं रोजचं अंडं त्यातच होतं. सहा वर्षं, बगळ्या. रोज सकाळी तो दांडा माझ्याकडे वळलेला असतो.

गेल्या आठवड्यात वाचनालयाने कळवलं की फोटो उन्हाने विटलाय, नवी प्रत द्या. मी फ्रेमवाल्याकडे त्या फोटोच्या सगळ्या जुन्या प्रती दिल्या. त्याचा फोन आला: साहेब, यात एक न कातरलेलाही आहे, पण कोपऱ्यात काहीतरी काळं आलंय, उडवू का? मी म्हटलं, राहू दे.

नवी प्रत सोमवारी लागेल. दांड्यासकट, आणि पट्टीवर तुझं नाव. स्पर्धावाल्यांना कळवलंय, चषक परत पाठवलाय. रविवारच्या सदरात हे सगळं छापून येईल. वाचकांच्या आधी तुला कळायला हवं, म्हणून आज हे पत्र. माफ कर असं म्हणत नाही. ते मागायचं असतं तर सहा वर्षांपूर्वी मागायचं होतं. आपण जायचं नाही, पाणीच त्याला आणून सोडेल, हे तुझं शिक्षण मी नेमकं चुकीच्या जागी वापरलं आणि पडून राहिलो. तू काही चिखल्या नाहीस. शनिवारी संध्याकाळी तुझ्या त्या बारा पायऱ्या चढून येतोय. दार उघडायचं की नाही ते तू ठरव, पॅन मात्र उंबऱ्यावर ठेवून जाईन. काल हिला सगळं सांगितलं. तिने पॅन घासला, पुसला, आणि रद्दीतून नेमका माझ्या सदराचा कागद शोधून त्यात गुंडाळून ठेवला.

तुझाच,
विंचू