‘उधाण’ कोणी वाजवावे याबाबत

मी, कालिंदी मनोहर वेलकर, वय एकाहत्तर, विमा कंपनीतून निवृत्त, अविवाहित, राहणार ठाकुरद्वार, गिरगाव, कोणाच्याही दडपणाखाली नसताना आणि डोके पूर्ण ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहिते. डोक्याबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तळमजल्यावर राहणारा माझा धाकटा भाऊ रमाकांत याने तो आधी वाचावा.

१. राहती जागा रमाकांतची नात, माझ्याकडे सॅक्सोफोन शिकणारी देविका हिला. याच जागेत मी सॅक्सोफोन वाजवते म्हणून सोसायटीने माझ्याविरुद्ध ठराव केला, आणि त्यावर पहिली सही सख्ख्या भावाची होती. देविकाने इथे खिडक्या सताड उघड्या टाकून वाजवावे.

२. घडीची खुर्ची आणि मोठी छत्री वरळी कोळीवाड्यातल्या बेबीताईंना. ठरावानंतर मी रियाजाला त्यांच्या सुकत घातलेल्या बोंबलांशेजारी जाऊन बसू लागले. गालात हवा धरून न थांबता फुंकत राहणे, नुसत्या कळा आपटून ताल धरणे, एका फुंकेत दोन स्वर काढणे, हे सगळे मी तिथे बसवले. एकदा गिऱ्हाईक सोडून त्या म्हणाल्या, "बाय, एका नळीतून दोन आवाज कशे गो काढतेस? परत काढ बघू!" माझ्या संगीताला मिळालेला तो पहिला वन्समोअर.

३. सॅक्सोफोन. धोबीतलावच्या एका वृद्ध वादकांकडून मी तो घेतला, तेव्हापासूनच त्याचे खालचे एक झाकण नीट बसत नसे. त्या फटीतून हवा निसटे आणि एका फुंकेचे दोन स्वर होत. ‘उधाण’ ही माझी एकट्या सॅक्सोफोनसाठीची रचना त्याच दोन स्वरांवर संपते. माझ्या सत्तरीला रमाकांतने मला न सांगता वाद्य दुरुस्तीला दिले आणि चकचकीत करून आणले. मी फुंकून पाहिले. एकच स्वर आला, अगदी स्वच्छ. मला रडू फुटले.

"अगं, गळत होता तो! आता गळत नाही," रमाकांत म्हणाला. "थँक्यू म्हणायचं सोडून रडतेस काय?"

भेट मनापासून दिलेली होती, त्यामुळे भांडताही येईना.

मग मी हट्टाला पेटले. बेबीताईंशेजारी बसून कळांच्या नाना जोड्या लावून पाहिल्या, ओठ आवळले, सोडले. अखेर एका दुपारी, मधलीच एक कळ उघडी ठेवून ओठ जरा सैल केला आणि दोन्ही स्वर आले, पूर्वीपेक्षा मोकळे. देविकाच्या नव्याकोऱ्या वाद्यावरही तेच आले! ‘उधाण’ आता माझ्या गळक्या झाकणाचे मिंधे राहिले नाही. मी जिंकले. हे वाक्य वकीलबाई सुमेधा कर्णिक यांनी खोडायला सांगितले होते. मी खोडत नाही.

सबब सॅक्सोफोनही देविकाला, वाजवण्यासाठी. शोकेसमध्ये ठेवण्यासाठी नाही.

४. ‘उधाण’ कोणाच्याही मालकीचे नाही. ज्याचा दम पुरेल त्याने खुशाल वाजवावे. बोटे कुठे ठेवायची ते चित्रांसकट लिहून ठेवले आहे; बँकेत जे उरेल त्यातून ते छापावे. माझ्या शोकसभेत शांतता पाळू नये. देविकाने शेवट वाजवावा.

५. रमाकांतला मी काहीही देत नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असे वकीलबाई सांगतात, आणि मला साक्षीदार तोच हवा आहे. दादरच्या माझ्या कार्यक्रमातून तो मध्यंतरातच उठून गेला होता. ‘उधाण’ला तो आजवर कुकरची शिटी म्हणत आला आहे. त्याच्याकडून एक चांगला शब्द ऐकावा अशी मला फार इच्छा आहे. एवढी वर्षे झाली, आता लपवायचे काय? तरी अट अशी की, सही करण्याआधी साक्षीदारांनी ‘उधाण’ माझ्यासमोर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावे. मध्ये उठायचे नाही.

ठिकाण: गिरगाव, मुंबई
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

(सही) कालिंदी मनोहर वेलकर

साक्षीदार, स्वहस्ते शेऱ्यासह:

१. डॉ. हर्षवर्धन तळपदे. दाखला माझाच आहे. ऐकले.

२. रमाकांत मनोहर वेलकर. पूर्ण ऐकले. संगीत आहे. शेवट परत वाजवायला लावला.