पहाडीवरचं शेवटचं करवंद

४ मार्च २०२५, मंगळवार

सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी माझ्या करवंदाचा खून झाला. वेळ पक्की आहे — शाळेची घंटा वाजली तेव्हा अंगण साफ करायला सांगितलेल्या लटारूचा कोयता चालू होता, हे समोरच्या घरातल्या खुर्शीदने सांगितलं. मी बँकेच्या रांगेत!

लटारू दरवर्षी जंगलात तेंदूची झुडपं छाटायला जातो. बुडापासून कापलं की दीड महिन्यात विडीसाठी कोवळी पानं येतात. माझं करवंदही तसंच कापलं. जमिनीलगत! तीन वर्षांचं झाड, पहिल्यांदाच कळ्या धरलेलं. वर अंगण झाडून ठेवलं आणि चेहरा असा की मी बक्षीसच द्यावं.

"मॅडम, आता पाहा, कसे कवळे कवळे पानं येते!"

पानं! मी काय करवंदाच्या विड्या वळणार आहे?

५ मार्च

रागात पत्र लिहू नये, असं कॉन्व्हेंटातल्या सिस्टर सांगायच्या. हे पत्र नाही.

बुधरीच्या गावाजवळच्या पहाडीवर ही जात होती — टपोरी, काळीभोर, चीक कमी, गोड. अहेरीच्या बाजाराला आली की बुधरी माझ्यासाठी पानाचा दोना भरून आणायची. मग रस्ता रुंद झाला, झुडपं गेली. शेवटच्या दोन्यातल्या तीस बिया मी लावल्या. वाळवलेल्यांतली एकही रुजली नाही. ओल्या लावल्या, त्यांतली एक रुजली. ती ही. जगात एकच!

७ मार्च

लटारूला विचारलं, "न विचारता काऊन कापलं?" (राग आला की माझ्याही तोंडी 'काऊन' येतं.)

"तुमीच म्हटलं ना — सगळं साफ कर, डोकं खाऊ नको. मंग विचारू कसा?"

म्हटलं होतं. गवताबद्दल!!

८ मार्च

बुधरी आली. खुंट नखाने खरवडला. आत हिरवं.

"जित्तं आहे, बाई. पन औंदा फळ नाई." मग ओल्या आळ्याकडे पाहून हसली. "इतकं पानी? पहाडीवर कोन देत होतं?"

खरंच, कोण देत होतं? शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, प्रश्न विचारण्याचीच सवय — आणि हा प्रश्न मला पडला नाही! तिला म्हटलं, तुमच्या पहाडीचं हे शेवटचं होतं गं. ती पिशवी चाचपत बसली. वाईट वाटलं असणार.

२१ मार्च

पाणी बंद. रोज सकाळी भिंग घेऊन खुंटाशी बसते. मुंग्यांशिवाय काही नाही. पण मुंग्या तरी तिथेच का येतात?

६ एप्रिल

चार कोंब! तांबूस, तकतकीत. काटे आधीच तयार, सुईच्या टोकासारखे बारीक. म्हणजे आधी शस्त्र, मग पान! लटारू कुंपणापलीकडून —

"तेहतीस दिवस, मॅडम. तेंदूपेक्षा लवकर!"

तोही मोजत होता.

२७ मे

बुधरी दोना घेऊन आली. करवंदं. एक तोंडात टाकलं. तीच! तीच चव!

कुठली ही?

"आमच्या वाडीतले. त्या वर्षी खाल्ले ना, तवा बिया थुकल्या कुंपनाजवळ. अकरा झुडपं आहेत. पानी नाई, काई नाई."

अकरा! मग तीन वर्षं सांगितलं का नाहीस, बये?

तिला माझा प्रश्नच विचित्र वाटला. "तुमी म्हटलं, एकच आहे. तुमी शिकवनाऱ्या बाई. मंग मी कायले बोलू?"

२८ मे

माझा वर्ग किती शांत असतो, हे एकतीस वर्षं मी कौतुकाने सांगत आले. त्या शांततेत बरोबर उत्तर येत असलेली किती पोरं बसली होती? खुलासा मी स्वतःकडेच मागते. लेखी. रविवार १ जून, सकाळी नऊच्या आत. सबब चालणार नाही.